साटीनच्या सपाता

मॉइराच्या घरी जायला एकशे चार पायऱ्या होत्या, आणि पायऱ्या नको असतील तर एक डबा. रुळावरून टेकडी चढणारा, जेमतेम दोन माणसांचा, दार ओढून घेतलं की कुरकुरत वर सरकणारा. वेलिंग्टनच्या टेकड्यांवर पुष्कळ घरांना असा स्वतःचा डबा असतो. आशालताबाईंनी डब्याकडे पाहिलं, खालच्या निळ्याशार पाण्याकडे पाहिलं, पदर कमरेला खोचला आणि पायऱ्या धरल्या.

"आई, गुडघे," सुखदा म्हणाली.

"गुडघे तुझ्या बाबांचे गेलेत. माझे आहेत अजून."

मग लेक डब्यात आणि आई पायऱ्यांवर अशी त्यांची वरात निघाली. डबा इतका हळू होता की बोलणं तुटलं नाही. सुखदाच्या मांडीवर करड्या रंगाचं रिकामं खोकं होतं. येताना त्यात काय यायचं होतं ते तिने गाडीत अर्धं सांगितलं होतं, उरलेलं आता सांगत होती.

ती एका छोट्या संग्रहालयात जुनी कापडं सांभाळायची. लग्नाचे झगे, सैनिकांचे कोट, कुणाच्या पणजीचे हातरुमाल. आज मॉइरा नावाच्या एक्याण्णव वर्षांच्या बाई आपल्या घरातला ठेवा संग्रहालयाला देणार होत्या. मॉइरा बॅले शिकवायच्या. साठ वर्षं त्यांनी न्यूटाउनच्या एका हॉलमध्ये मुलींना पायांच्या टोकावर उभं राहायला शिकवलं. आणि प्रत्येक नव्या मुलीला त्या पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगत. माझ्या आईची आजी, एलन, एका नाचाच्या कंपनीबरोबर जहाजातून आली. ओटागोत सोनं सापडलं होतं. चिखलात सोनं शोधणाऱ्या माणसांपुढे ती नाचली, पिंपांवर टाकलेल्या फळ्यांवर. या बघा तिच्या सपाता.

"छान आहे की," आशालताबाई चाळिसाव्या पायरीवरून म्हणाल्या.

"छान आहे. पण खरी आहे का ते माहीत नाही. डनीडनला त्यांचा एक मावसभाऊ असतो. त्याने लग्नाची जुनी नोंद शोधून काढली. एलन, वय सव्वीस, धंदा शिवणकाम. नाच बिच काही नाही. तो म्हणतो, ती कंपनीची शिवणारीण होती. नाचणाऱ्या बायकांचे कपडे दुरुस्त करायची, त्यातल्याच कुणाच्या तरी सपाता तिच्याकडे राहून गेल्या."

"मग?"

"मग काय. आमच्याकडे प्रत्येक वस्तूचं एक कार्ड असतं. कोणाची वस्तू, कोणी केली. मॉइरांनी फोनवर सांगितलं, जे खरं असेल तेच लिहा. मला या वयात खोटं नको. नर्तिकेची नसेल तर नसेल, असं लिहा." सुखदाने मांडीवरचं खोकं सरळ केलं. "पण आई, आवाज असा होता ना त्यांचा. सगळं आयुष्य त्या एका गोष्टीवर उभं केलंय त्यांनी."

डबा वर पोचला तेव्हा आशालताबाई चार पायऱ्या मागे होत्या, आणि धापा टाकत नाहीये असं दाखवत होत्या.

*

मॉइरा दारातच उभ्या होत्या. केस कापसासारखे, हाताला काठी, आणि पाठ मात्र गवंड्याचा ओळंबा सोडावा तशी सरळ. "किआ ओरा, किआ ओरा," त्या माओरीत स्वागत करत म्हणाल्या. आशालताबाईंनी नमस्कार केला आणि पिशवीतून बेसनाच्या लाडवांचा डबा काढून त्यांच्या हातात ठेवला. कुणाच्या घरी रिकाम्या हाताने जायचं नाही, मग ते घर टेकडीच्या टोकावर का असेना. मॉइरांनी लाडू बशीत घेतला आणि काट्याने त्याचे तुकडे करायला लागल्या.

"हाताने खा म्हणावं," आशालताबाई हळूच म्हणाल्या.

"खाऊ दे गं त्यांना हवं तसं."

मॉइरा इंग्रजीत बोलत, आशालताबाई मराठीत. मधे सुखदा दोन्हीकडचं पोचवायची, पण बऱ्याचदा तिच्या आधीच ते पोचलेलं असे. मॉइरांना ऐकू कमी यायचं, त्यामुळे कुठली भाषा चाललीय याची त्या फारशी फिकीर करत नसत. चेहरा वाचत.

जेवणाच्या टेबलावर बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता. मॉइरांनी झाकण काढलं आणि एकेक वस्तू पांढऱ्या कापडावर मांडायला लागल्या. कागदी पंखा, घड्यांवर फाटलेला. कापडाच्या फुलांचा गजरा, रंग उडून चहासारखा झालेला. राळेची चपटी डबी, तळव्याला घासायची, म्हणजे फळीवर पाय सरकू नये. एक टोपडं, तान्ह्या बाळाचं, आणि त्यावर बारीक टाक्यांत दोन अक्षरं आणि १८६६. आणि मग दोन्ही हातांनी, झोपलेलं पाखरू उचलावं तशा, दोन सपाता.

पायताण आणि जेवणाच्या टेबलावर. आशालताबाईंच्या कपाळाला क्षणभर आठी पडली. मग त्या जवळ गेल्या आणि ती आठी कुठल्या कुठे गेली.

केवढुशा होत्या त्या. एके काळी पांढरं असलेलं, आता सायीच्या रंगाचं साटीन. तळवा कातड्याचा, पण चिंचोळा, एखाद्या पानाएवढा. वजन नव्हतंच. आणि टोकाला रुपयाएवढी जागा, दोऱ्याने भरून काढलेली, दाट, इतकी दाट की साटीन दिसेना, दोराच दोरा. मॉइरांनी ती जागा बोट न लावता दाखवली आणि काहीतरी सांगितलं.

"त्या म्हणतायत, आजच्या बॅलेच्या बुटांत टोकाला कडक खोबण असते," सुखदा म्हणाली. "तेव्हा नसायची. आत काहीच नाही. कापड, आणि हा दोरा. एवढ्यावर उभ्या राहायच्या."

"एवढ्यावर?"

"एवढ्यावर. आणि गिरक्या घ्यायच्या."

आशालताबाईंचे हात आपोआप जुळले. पायताणापुढे जुळतायत हे त्यांच्या लक्षात आलं आणि तरी त्यांनी ते सोडले नाहीत. एक आख्खी बाई, तिची हाडं, तिचं मांस, तिचा झगा, तिचं सगळं आयुष्य, आणि खाली रुपयाएवढा रफू. त्या पुटपुटल्या, सवयीने, सुई ओवताना पुटपुटायच्या तशा, शब्द तिथल्या तिथे जुळवत:

टोकावर उभी राही, जशी ज्योत समईची
तिच्या पावलाची भिस्त, एका बारीक सुईची

"काय म्हणाली तुझी आई?" मॉइरांनी विचारलं. सुखदाने सांगायचा प्रयत्न केला. समई म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागली. मॉइरांनी ऐकून घेतलं, मान हलवली, आणि मग सरळ आशालताबाईंकडे पाहत म्हणाल्या, "येस. दॅट्स इट."

*

सुखदाने कामाला सुरुवात केली. मोजपट्टी, फोटो, भिंग. वस्तूंची यादी करायची, मग कार्डं. बाकी कार्डं पटापट झाली. सपातांच्या कार्डाशी ती अडली. "कोणाची" या ओळीवर पेन्सिल टेकवून बसली.

मॉइरा समोरच्या खुर्चीत होत्या. काठीच्या मुठीवर एकावर एक ठेवलेले दोन हात, आणि वरच्या हाताचं एक बोट सारखं हलत होतं.

"मला बघू दे जरा," आशालताबाई म्हणाल्या.

"बघ की. भिंग घे."

"भिंगातून नाही. हातात."

"आई, असं हातात नाही घ्यायचं. ग्लोव्ह्ज घालून मीच उचलून दाखवते हवं तर."

"अगं, मला बोटांशिवाय रफू दिसत नाही."

हे खरं होतं. आशालताबाईंनी पन्नास वर्षं पुण्यात रफू केला होता. लक्ष्मी रोडवरच्या दुकानांतून त्यांच्याकडे यायची ती उंदराने कुरतडलेली पैठणी, उदबत्तीने जळालेला शालू, खिळ्याला अडकलेला नवरदेवाचा कोट. परत जाताना मालकिणीलाच सापडायचं नाही कुठे फाटलं होतं ते. त्या डावऱ्या. शाळेत बाईंनी डाव्या हातावर पट्ट्या मारून पेन्सिल उजव्या हातात दिली, घरात आजीने घास उजव्या हाताला लावला. एक सुई तेवढी डाव्यात राहिली, कारण पेठेतले रफूवाले चाचा, ज्यांच्याकडे त्या शिकल्या, म्हणाले होते, सुईला उजवं-डावं कळत नाही पोरी, चालू दे.

सुखदाने उसासा टाकला. "हात धुऊन ये. साबणाने, कोपरापर्यंत. क्रीम लावू नकोस. आणि बांगड्या काढ."

"बांगड्या नाही काढायच्या."

"आई, काच आहे. साटीनला लागली तर."

"तुझे बाबा धडधाकट बसलेत तिकडे टीव्ही बघत. मी बांगड्या काढू?"

शेवटी बांगड्या कोपराकडे सरकवल्या आणि वरून हातरुमाल घट्ट बांधला. मॉइरांना हे फार आवडलं. त्यांनी आपला रुमालही पुढे केला, दुसऱ्या हातासाठी.

आशालताबाई खिडकीजवळ बसल्या. मांडीवर पांढरं कापड, त्यावर पहिली सपात, जास्त झिजलेली. त्यांनी डोळे मिटले आणि डाव्या हाताची तर्जनी टोकावरच्या रफूवर ठेवली. नुसती ठेवली. बाहेर वाऱ्याने झुडपं वाकत होती.

"डावरी आहे," त्या म्हणाल्या.

"काय?"

"ही डावरी आहे. माझ्यासारखी. टाका ज्या बाजूने शिरलाय बघ, ओळ जिथे वळते तिथे दोरा कसा कललाय बघ. उजव्या हाताचा रफू असा कलत नाही." त्यांनी डोळे उघडले. "ते टोपडं दे."

टोपड्याच्या कानावर एक बारीक फाट सांधलेली होती. सुखदाला ती आतापर्यंत दिसलीच नव्हती. आशालताबाईंनी त्यावरून बोट फिरवलं, पुन्हा सपातेवरून फिरवलं.

"एकच हात. शप्पथ घेऊन सांगते. टोपडं एलनचं नक्की ना?"

"नक्की. त्यावर तिच्या मुलीची अक्षरं आहेत. हॅरिएट, म्हणजे मॉइरांची आजी."

"मग सपात एलननेच रफू केलीय."

सुखदाने हे इंग्रजीत सांगितलं. मॉइरांचं हलणारं बोट थांबलं. चेहरा उजळला आणि तितक्याच हळूहळू मावळला. त्या काहीतरी बोलल्या, शांतपणे.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, रफू तिने केला हे तर मावसभाऊही म्हणतो. शिवणारीणच होती ती. रफू केला म्हणजे नाचली असं नाही."

आशालताबाई वरमल्या. बरोबर होतं ते. आयुष्यभर पैठण्या सांधल्या म्हणून त्या काही पैठणी नेसून मिरवल्या नव्हत्या.

*

चहा झाला. मॉइरांनी दुसरा लाडू घेतला, या वेळी हाताने.

सुखदाने कार्डावर फिकट पेन्सिलीने लिहिलं: शिवणकाम करणाऱ्या एलनच्या घरातून. मूळ मालकीण अज्ञात. मग वाचून दाखवलं. मॉइरांनी मान डोलावली. ठीक आहे, असं म्हणाल्या, दोनदा म्हणाल्या, आणि उठून खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. पाठमोऱ्या. ती सरळ पाठ पाहून आशालताबाई उठता उठता पुन्हा बसल्या. माणूस रडताना वाकलं की बरं असतं, कुणाला जवळ जाता येतं. इतक्या सरळ पाठीजवळ कसं जायचं?

त्यांनी पहिली सपात पुन्हा हातात घेतली. आपल्याला येतं ते एवढंच, तर तेच नीट करू.

आता त्या रफू वाचत नव्हत्या, झीज वाचत होत्या. टोकाच्या अगदी मधोमध नाही, अंगठ्याच्या अंगाला करंगळीभर सरकून दोरा जाड होता. थरावर थर. सगळ्यात खाली पांढरा दोरा, वर मळकट, त्यावर तपकिरी. त्यांनी सुखदाकडून भिंग घेतलं, छोटी बॅटरी सपातेच्या पोटात धरायला लावली.

"सुखे, इथे बघ. खालचं कापड. भोक आहे?"

"नाही. साटीन अखंड आहे."

"म्हणजे फाटल्यावर भरलेलं नाही. फाटायच्या आधीच भरलंय. नव्या कोऱ्या कापडावर. माझ्याकडे कधी कुणी न फाटलेली साडी आणली का? हिला आधीच माहीत होतं पाय कुठे पडणार."

मॉइरा वळल्या होत्या. सुखदाने सांगितलं तेव्हा त्या जवळ आल्या, सपातेच्या त्या सरकलेल्या जागेकडे वाकून पाहिलं आणि अचानक हसल्या. "हिचं पाऊल आत कलायचं," त्या म्हणाल्या. "माझ्या वर्गात असती तर रोज बोलणी खाल्ली असती." मग पुढे म्हणाल्या, आम्ही अजूनही टोकं स्वतःच भरतो. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. आपलं वजन आपल्यालाच ठाऊक असतं.

आशालताबाईंना एकदम नारायणगावची एक बाई आठवली. तमाशाच्या फडातली. शालूचा काठ सांधून घ्यायला आली होती, आणि काम होईपर्यंत ओसरीत बसून चाळांखालची चामड्याची गादी स्वतः शिवत होती. द्या इकडे, मी शिवते, असं म्हटल्यावर तिने गादी छातीशी धरली होती. म्हणाली होती, साडी तुमची बाई, पाय माझा.

"पण आई," सुखदा म्हणाली, आणि तिच्या आवाजात तिचंच तिला नको होतं असं काहीतरी होतं, "एखादी शिवणारीण वर्षभर एकाच नर्तिकेच्या सपाता भरत असेल, तर तिलाही कळेल ना कुठे झिजतं ते. मी उद्या संग्रहालयाच्या समितीपुढे हे सांगितलं तर ते हेच विचारतील."

"विचारतील," आशालताबाई म्हणाल्या. त्यांनाही तेच वाटलं होतं.

मग त्यांनी दुसरी सपात घेतली.

दुसऱ्या सपातेचा तळवा स्वच्छ होता. कातड्यावर एक ओरखडा नाही, राळेचा डाग नाही. ही कधी जमिनीला टेकलीच नव्हती. पण टोकाला रफू होता. सुखदाने सकाळपासून तिचे चार फोटो काढले होते आणि जोडी म्हणून नोंद केली होती. त्या काळी सपातांना डावी-उजवी नसे, दोन्ही सारख्याच, त्यामुळे जोडी वाटणं साहजिक होतं.

आशालताबाईंनी डोळे मिटून बोट ठेवलं आणि बोट दचकलं.

टाके मोठे होते. अडखळत चाललेले. एक लांब, एक आखूड, एक दुसऱ्यावर चढलेला. दोरा कुठे इतका ओढलेला की कापड चुरगळलंय, कुठे इतका सैल की खालून नखं जावीत. पण जागा तीच. मधोमध नाही, करंगळीभर सरकून. आणि आकार तोच, रुपयाएवढा. फक्त सगळं उलटं, आरशात पाहावं तसं. तिथे ओळ डावीकडे वळत होती, इथे उजवीकडे.

त्यांनी डोळे उघडले तेव्हा त्या सुखदाकडे पाहत होत्या, आणि सुखदा अडतीस वर्षांची नव्हती. आठ वर्षांची होती, फ्रॉकमधली, गुडघ्याला गुडघा लावून समोर बसलेली. आई डाव्या हाताने टाका घालतेय आणि लेक समोरून पाहून उजव्या हाताने घालतेय. दोघींच्या सुया एकाच वेळी एकाच बाजूला झुकतायत.

"हे पोराने केलंय," त्या म्हणाल्या. "उजव्या हाताच्या लहान पोरीने. डावऱ्या आईसमोर बसून शिकलेल्या."

सुखदाने भिंग घेतलं. पाहिलं. बराच वेळ पाहिलं. तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"हॅरिएट," ती म्हणाली.

"आता तू मला सांग. परक्याच्या पैठणीवर मी तुला कधी सुई धरू दिली होती का?"

"हात नाही लावू दिलास. दुकानाच्या गाठोड्याजवळ गेले तरी ओरडायचीस."

"मग तू शिकलीस कशावर?"

"तुझ्या जुन्या साडीवर. ती जांभळी. घरी नेसायची."

"माझ्या साडीवर," आशालताबाई म्हणाल्या. "जिच्या भरवशाने दुसऱ्याने काम दिलंय, ती बाई ते काम आठ वर्षांच्या पोरीच्या हातात देत नाही. जगात कुठेच देत नाही. कामच गेलं की मग. पोरीला सुई द्यायची ती आपल्या स्वतःच्या वस्तूवर." त्यांनी सपात कापडावर ठेवली. "ही एलनची होती. तिच्या पायाची. म्हणून तर पोरीला जागा दाखवली. इथे भर, इथे, मधे नको. माझं पाऊल इकडे पडतं."

सुखदाने सांगायला सुरुवात केली आणि तिचं इंग्रजी, पंधरा वर्षं ऑफिसात, मीटिंगांत, दुकानात बिनबोभाट चालणारं इंग्रजी, मधेच अडकलं. ती थांबली, पाणी प्यायली, पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. डावा हात. समोर बसलेली उजवी मुलगी. जांभळी साडी. मॉइरा एका वेळी एक शब्द घेत होत्या. शेवटी त्या खुर्चीत बसल्या आणि पहिल्यांदाच त्यांची पाठ टेकली.

"आजीने हे कधीच सांगितलं नाही," त्या म्हणाल्या. "तिच्या आईची गोष्ट सांगायची. स्वतःचं काही नाही."

मग त्यांनी सांगितलं, तुटक तुटक. आजी गेली तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. आजीचे हात त्यांना आठवत होते, सांध्यांना गाठी आलेले. त्या हातांनी ती डबा उघडायची, पहिली सपात मॉइराच्या तळव्यावर ठेवायची. दुसरी मात्र कधीच डब्याबाहेर काढायची नाही. मॉइराला वाटायचं, तीच जास्त मौल्यवान असेल.

"ही घालून एलन का नाचली नाही?" सुखदाने विचारलं.

कुणालाच माहीत नव्हतं. १८७४च्या सुमारास, हॅरिएट आठ वर्षांची असताना, एलन पस्तिशीची असेल. फळ्यांवर नाचून बरीच वर्षं झालेली असतील. घरात आणखी मुलं असतील. कुठून तरी पुन्हा बोलावणं आलं असेल, नव्या सपाता मागवल्या असतील, लेकीला म्हणाली असेल, ये, एक टोक तू भर. मग काहीतरी झालं. काय ते साटीन सांगत नव्हतं. नवा तळवा तेवढा सांगत होता की पाऊल तयार होतं.

सुखदाने रबराने पेन्सिलीची ओळ पुसली. पहिल्या कार्डावर लिहिलं: कोणाची, एलन, नर्तिका. कोणी भरली, एलन. मग तिने दुसरं कोरं कार्ड घेतलं, कारण ती आता जोडी राहिली नव्हती. कोणाची, एलन, नर्तिका. कोणी भरली, हॅरिएट, वय अंदाजे आठ. दोन्ही कार्डं तिने मॉइरांसमोर ठेवली.

"समिती काय म्हणेल?" आशालताबाईंनी विचारलं.

"विचारतील ढीगभर प्रश्न. विचारू देत. मी दोन्ही टाक्यांचे फोटो शेजारी शेजारी लावीन. आणि तुझं नाव लिहीन खाली, रफू ओळखणार म्हणून."

"माझं कशाला?"

"मग काय चाचांचं लिहू?"

मॉइरांनी सही केली. सही करून झाल्यावर त्यांनी खोक्याकडे पाहिलं, मग सुखदाकडे, आणि दोन्ही हात पुढे केले. सुखदाने त्यांना साबण लावायला सांगितलं नाही. दुसरी सपात तिने अलगद त्यांच्या तळव्यावर ठेवली.

मॉइरांनी भिंगातून पाहिलं. ओठ हलत होते, टाके मोजत होत्या बहुधा. एके ठिकाणी थांबल्या आणि आशालताबाईंना जवळ बोलावलं. तिथे तीन टाके भलतीकडेच गेले होते, ओळ सोडून, शेताचा बांध सोडून वासरू जावं तसे. आणि त्याच्या पुढे पुन्हा ओळ नीट सुरू होत होती.

"इथे चुकली," मॉइरा म्हणाल्या.

आशालताबाईंना भाषांतर लागलं नाही. त्यांनी त्या तीन टाक्यांवर बोट ठेवलं. बराच वेळ ठेवलं.

"उसवलं नाही," त्या म्हणाल्या. "आईने पाहिलं असणार. तिची नजर अशी, तिला हे दिसलं नसेल असं होणारच नाही. याच्यावर तिला उभं राहायचं होतं. तरी उसवलं नाही."

सुखदाने ते मॉइरांना सांगितलं. मग, मराठीत, आईकडे न पाहता म्हणाली, "तू माझं उसवायचीस."

"उसवायचे," आशालताबाई म्हणाल्या. "सगळं उसवायचे."

खाली रस्त्यावर कुणाची तरी गाडी गेली. मॉइरांनी भिंग आशालताबाईंच्या हातात दिलं आणि सपात दोघींच्या मधे धरली, तिघींना दिसेल अशी. चुकलेल्या टाक्यांपासून पुढे आणखी अकरा ओळी होत्या. त्या तिघी त्या ओळी एकेक करून बघत राहिल्या.